शेतकऱ्याच्या घरचें वेल्डिंग व त्यांतील मुके धोके

खंडेनवमीच्या दिवशीं नांगर, पाभर, कोयता, विळा इत्यादि अवजारें धुवून-पुसून त्यांची पूजा करण्याची चाल आपल्या समाजांत फार जुनी आहे. अलीकडे त्याच ओळींत ग्राइंडर, ड्रिल व वेल्डिंगचें यंत्र यांनाही हळदकुंकू लागूं लागलें आहे. यांत नवल नाहीं. अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें) उत्तर भागांत, प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालीं, भाद्रपद-आश्विन हे महिने म्हणजे ट्रॉल्या व गाड्या दुरुस्त करण्याचे महिने होत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या मागेंपुढें सुरू व्हावयाचा. तत्पूर्वीं ट्रॉलीचा तुटलेला साटा, गाडीचा वांकलेला आंस, रोटाव्हेटरचीं झिजलेलीं पातीं हें सारें नीट करून ठेवावें लागतें. यांतील पुष्कळसें काम हल्ली गांवच्या वर्कशॉपांत न होतां ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्यें, गोठ्याच्या आडोशास किंवा घराच्या पडवींत होतें. हें काम घरीं होऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तें कोणत्या सावधगिरीनें व्हावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

पूर्वीं लोखंडाचें काम बलुतेदार लोहाराकडे असे. भाता, ऐरण, भट्टी यांच्यापाशीं बापाच्या शेजारीं बसून मुलगा वर्षानुवर्षें शिके. कोठें उभें राहावें, काय दूर ठेवावें, हें त्याच्या अंगवळणीं पडे. पुढें शेतींत लोखंड वाढत गेलें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली व तेथील लोखंडी नांगर महाराष्ट्रभर पोंचले. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व प्रवरेचें पाणी उंसास मिळूं लागलें. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें उभारलेल्या सहकारी कारखान्याचें गाळप १९५० सालीं सुरू झालें. मागाहून ट्रॅक्टर आले. आज वेल्डिंगचें यंत्र बाजारांतून तासाभरांत घरीं येतें, पण लोहाराची ती शिस्त कांहीं यंत्राबरोबर येत नाहीं.

शिवाय दोन्ही कामांच्या धोक्यांत एक मोठा भेद आहे. भट्टींतील लोखंड लाल होऊन माणसास आपण होऊन इशारा देतें. हात जवळ नेतांच झळ लागते. वेल्डिंगचे बहुतेक मोठे धोके मुके आहेत. काम चालू असतां ते जाणवत नाहींत. कांहीं क्षणांनीं, कांहीं तासांनीं, कधीं मध्यरात्रीं ते पुढें येतात. “आजवर कांहीं झालें नाहीं” हें वाक्य म्हणूनच या कामांत फार फसवें आहे.

१. चाक व रिकामी टांकी

सर्वांत घातक चूक म्हणजे टायर चढविलेल्या चाकाच्या डिस्कवर वेल्डिंग करणें. ट्रॉलीची डिस्क तडकली, तर चाक न खोलतां, हवा तेवढी सोडून दोन टांके मारण्याचा मोह होतो. वास्तविक हवा सोडल्यानें धोका टळत नाहीं. डिस्क तापली म्हणजे तिला चिकटलेलें रबर आंतून भाजूं लागतें व त्यांतून जळाऊ वाफा निघतात. त्या टायरच्या पोकळींत कोंडतात, दाब वाढत जातो, आणि उष्णतेनें त्या आपोआप पेट घेऊं शकतात. अशा स्फोटांत जड चाक उचलून फेंकलें जातें व समोरचा माणूस जागच्या जागीं जाऊं शकतो. हा स्फोट वेल्डिंग थांबल्यावर कांहीं मिनिटांनींही होतो. म्हणजे माणूस काच बाजूला ठेवून टांका पाहावयास वांकतो, नेमक्या त्या वेळीं. करितां नियम एकच : टायर व ट्यूब डिस्कवरून पूर्णपणें उतरविल्याखेरीज तिच्याजवळ ज्योत किंवा ठिणगी नेऊं नये. तडकलेली डिस्क मुळांत सांधूंच नये, बदलावी, हें अधिक चांगलें. नव्यानें हवा भरतांना चाकाच्या समोर न राहतां बाजूस उभें राहावें.

दुसरी चूक “रिकाम्या” टांकीची. डिझेलची टांकी किंवा पिंप उपडें करून निथळलें, तरी सांध्यांत व पत्र्याच्या अंगास तेलाचा पातळ थर राहतोच. पत्रा तापतांच त्याची वाफ होते, ती आंतील हवेंत मिसळते, आणि एक ठिणगी पुरते. भरलेल्या पिंपापेक्षां रिकामें पिंप याच कारणानें अधिक भयंकर असतें. नुसतें पाण्यानें विसळून भागत नाहीं. कीटकनाशकाच्या पिंपांत तर वाफेबरोबर विषही असतें. तेव्हां अशी टांकी घरीं सांधूं नये. ती बदलावी, किंवा वाफेनें धुण्याची सोय ज्यांच्यापाशीं आहे अशा जाणत्या कारागिराकडे न्यावी. दोन्ही तोंडें बंद असलेला पाइप किंवा पोकळ रोलर सांधावयाचा असल्यास प्रथम त्यास एक भोंक पाडावें. आंतील हवा व ओल तापून तोही फुटूं शकतो.

ही कांहीं आमची पदरची भीति नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्यांतच असें घातलें होतें, कीं ज्या टांकींत स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ होता, ती त्यापासून व त्याच्या वाफांपासून मुक्त केल्याशिवाय तीवर सांधण्याचें अगर कापण्याचें काम करूं नये. कारखान्याच्या फाटकाआंत हें पाहावयास निरीक्षक येई. आपल्या शेडमध्यें तो येत नाहीं. तेथें निरीक्षक आपणच.

२. डोळे

वेल्डिंगच्या प्रकाशांतील जंबुपार किरण डोळ्यांच्या वरच्या पडद्यास भाजतात. त्या वेळीं दुखत नाहीं. सहा ते बारा तासांनीं, बहुधा रात्रीं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी चुरचुर, पाणी व उजेडाचा त्रास सुरू होतो. एक-दोन दिवसांत हें बहुधा निवळतें. पण वारंवार घडल्यास नजरेस धोका असतो.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें लिहिणें आम्हांस आवश्यक वाटतें. पुष्कळ घरीं काम धरावयास पोरास बसवितात आणि “डोळे मीट” असें सांगून रॉड लावतात. पोर कुतूहलानें डोळे उघडतेंच. आणि न उघडलें तरी त्याच्या कोंवळ्या पापण्या व तोंड भाजतें. काम धरण्यास चिमटा, शिकंजा किंवा वजन वापरावें. मुलें, बायामाणसें व जनावरें यांना प्रकाश दिसणार नाहीं असा आडोसा करावा. वेल्डिंग करणारानें नेहमींच्या कामास दहा किंवा अकरा क्रमांकाची काच वापरावी. उन्हाचा काळा चष्मा या कामास निरुपयोगी आहे. काचेच्या आंत पांढरा संरक्षक चष्मा असावा, कारण टांक्यावरील मळी हातोडीनें झाडतांना तिची गरम कपची डोळ्यांत उडते.

डोळे आल्यास त्यांत दूध घालणें, बटाट्याचा रस पिळणें असले उपाय करूं नयेत. त्यांनीं भाजलेल्या पडद्यांत जंतु शिरतात. बंद पापण्यांवर स्वच्छ थंड पाण्याची घडी ठेवावी, अंधारांत पडावें व डॉक्टरांस दाखवावें. कण रुतला असल्यास चोळूं नये, चुंबकानें काढण्याचा प्रयोगही करूं नये.

३. धूर

जस्ती पाइप किंवा पत्रा सांधतांना पांढरा धूर निघतो. तो छातींत गेल्यास कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतें, व हिवताप आला असें वाटतें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं बरें वाटतें, म्हणून मनुष्य पुन्हां तेंच करतो. गूळ खाल्ल्यानें किंवा दूध प्याल्यानें धूर उतरतो ही समजूत सर्वत्र आहे. परंतु धूर जातो फुप्फुसांत व गूळ जातो पोटांत, दोहोंची गांठ पडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१७ सालीं वेल्डिंगचा धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला आहे. सबब सांध्याच्या जागेवरील जस्त व रंग आधीं घांसून काढावा. काम उघड्यावर करावें. वारा एका बाजूनें येईल असें बसावें, म्हणजे धूर तोंडाशीं न येतां आडवा निघून जाईल. तोंडास बांधलेला रुमाल हा धूर अडवीत नाहीं. ग्रीस काढण्यासाठीं क्लोरीनयुक्त द्रव फवारून त्यावर लागलीच रॉड लावणें तर प्राणावर बेतणारें आहे; त्यांतून फॉस्जीन वायु निघूं शकतो. पहिल्या महायुद्धांत हाच वायु शस्त्र म्हणून वापरला होता, आणि त्याचाही परिणाम कित्येक तासांनीं दिसतो.

४. आग

ठिणग्या तीस-पस्तीस फूट सहज जातात. आपल्याकडे तेवढ्या अंतरांत कडब्याची गंज, उंसाचें पाचट, बारदान किंवा वेचलेला कापूस यांपैकीं कांहींतरी असतेंच. ठिणगी लागलीच पेटते असेंही नाहीं. ती वैरणींत तासभर धुमसते, आणि घरधनी जेवून निजल्यावर ज्वाळ उठते. गोठ्यांत दावणीस बांधलेलें जनावर पळूं शकत नाहीं, हें ध्यानांत आणावें. करितां काम गोठा व गंज यांपासून दूर करावें. भोंवतालची जमीन झाडून पाणी मारावें. वाळूचीं घमेलीं, पाण्याची बादली व भिजलेलें बारदान हाताशीं ठेवावें. काम संपल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तेथेंच थांबावें, व निजण्यापूर्वीं पुन्हां एक फेरी मारावी. पेटलेल्या यंत्रावर मात्र वीज तोडल्याशिवाय पाणी टाकूं नये. अंगांत जाड सुती कपडे असावेत. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोंक लोंबतें नसावें. पायांत चामड्याचे बंद जोडे असावेत.

५. वीज

तारेवर आकडा टाकून यंत्र चालविणें हा गुन्हा आहेच, पण त्याहूनही तो जिवाशीं खेळ आहे. कारण मध्यें फ्यूज किंवा तोड कांहींच नसतें. वायर अखंड, जोड पक्के व अर्थिंग खरें असावें. गळती पकडणारा ब्रेकर बसवावा, परंतु तो येणाऱ्या विजेच्या बाजूनें रक्षण करतो; रॉडच्या बाजूस त्याचा भरंवसा धरूं नये. तेथें काम थांबलेलें असतां साठ-सत्तर व्होल्टचा दाब असतो. कोरड्या हातास तो बहुधा जाणवत नाहीं. घामानें भिजलेल्या अंगास किंवा ओल्या जमिनीवर तोच मारक होतो. म्हणून कोरड्या फळीवर उभें राहावें, चामड्याचे कोरडे हातमोजे घालावे, केबल अंगाभोंवतीं गुंडाळूं नये, पावसांत काम करूं नये. अर्थचा चिमटा सांध्याच्या अगदीं जवळ लावावा. दूर लावल्यास वीज बेअरिंगमधून जाऊन तें बिघडतें. ट्रॅक्टरवर काम असल्यास आधीं बॅटरीच्या तारा सोडाव्या.

६. इतर गोष्टी

ग्राइंडरचें झांकण काढून त्यास मोठी चकती बसविणें ही चाल सर्रास आहे व ती अगदीं वाईट आहे. प्रत्येक चकतीवर तिच्या फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती ओलांडली कीं चकतीचे तुकडे गोळीसारखे सुटतात. जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखालीं लांकडी ठोकळे दिल्यावांचून जाऊं नये. बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. ऑक्सिजनचें नळकांडें उभें व सांखळीनें बांधलेलें असावें, आणि त्याच्या तोटीस तेल किंवा ग्रीस कधींही लावूं नये. दाबाखालील ऑक्सिजनांत तेल आपोआप भडकतें. स्वयंपाकाचें घरगुती सिलिंडर कापकामास वापरणें नियमाविरुद्ध आहे.

७. अपघात झाल्यास

विजेचा धक्का बसल्यास माणसास हात लावण्यापूर्वीं वीज तोडावी. तें अशक्य असल्यास कोरड्या लांकडानें तार दूर करावी. भाजल्यास वीस मिनिटें वाहतें थंड पाणी सोडावें. शाई, टूथपेस्ट, हळद लावूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वस्तीवर राहणारांनीं आपला पत्ता कसा सांगावा हें घरांतील सर्वांस आधींच ठाऊक करून द्यावें; आणि या कामास एकट्यानें कधीं बसूं नये.

वरील यादी वाचून कोणी म्हणेल, एवढें सांभाळावयाचें तर काम कधीं व्हावयाचें? उत्तर असें, कीं चाक खोलण्यास अर्धा तास लागतो, जागा झाडण्यास पाव तास. आणि त्या पाऊण तासाच्या बचतीसाठीं घरचा कर्ता माणूस गमावल्यास हंगामच काय, संसारही सांवरत नाहीं. चांगली काच, हातमोजे व पांढरा चष्मा यांचा खर्च एकट्यास जड वाटत असेल, तर गांवच्या सोसायटीनें असा एक-दोन जोड घेऊन सभासदांस आळीपाळीनें द्यावा. ज्या गांवचीं मुलें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डिंग शिकून आलीं आहेत, तेथें हंगामापूर्वीं त्यांस बोलावून सर्वांसमक्ष एकदां काम करून दाखवावयास सांगावें. शिकलेल्या धाकट्याकडून शिकण्यांत वडीलधाऱ्यांस कमीपणा नाहीं.

येत्या खंडेनवमीस वेल्डिंगच्या यंत्राशेजारीं ती काच व ते हातमोजेही पूजेस मांडावेत, आणि दुसऱ्या दिवसापासून ते न चुकतां वापरावेत, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.