रांगेला जागा लागते

परवा संकष्टीच्या आदल्या दिवशी घरी साबुदाणा आणला आणि तो डब्यात भरायचे काम माझ्याकडे आले. निवृत्त माणसाच्या वाट्याला अशीच कामे येतात. डबा काठोकाठ भरला तरी पिशवीत मूठभर साबुदाणा उरलाच. सौभाग्यवतींनी डबा हातातून घेतला, ओट्यावर चार वेळा आपटला. दाणे खाली बसले, उरलेली मूठ आत गेली. ‘‘आता कितीही आपटा, तसूभर हलायचा नाही,’’ त्या म्हणाल्या.

त्यांचे हे वाक्य पदार्थविज्ञानातले आहे, हे मलाही अलीकडेच वाचनातून कळले. सारख्या आकाराच्या गोळ्या कशाही ओतून, हलवून बसवल्या, तर भांड्याच्या शंभर भागांपैकी सुमारे ६४ भाग भरतात, बाकी पोकळी. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले जे. डी. बर्नाल यांनी १९६० च्या आसपास पोलादी छरे रबरी पिशवीत भरून ही विस्कळीत रचना बारकाईने तपासली होती. फळवाला मोसंबी रचतो तशा थरावर थर लावल्या, तर मात्र त्याच गोळ्या ७४ भागांपर्यंत जातात. याहून दाट रचना होणार नाही, असे केप्लरने १६११ मध्येच लिहून ठेवले. ते सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडले आणि ती सिद्धता संगणकाने तपासून पक्की व्हायला २०१४.

६४ आणि ७४ हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढची सारी मौज त्यांच्यातल्या अंतराची आहे.

साबुदाणा आपटल्याशिवाय हलत नाही. पण दूध, शाई, भिंतीचा रंग यांत तरंगणारे कण इतके सूक्ष्म असतात की द्रवाचे रेणूच त्यांना सतत ढकलत राहतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. त्यातले कण एकमेकांना ओढत नसतील, चिकटत नसतील, अंगाला अंग लागले तरच अडवत असतील, तर ते आपण होऊन ओळीने उभे राहतील का? प्रश्न साधा वाटतो, पण १९५७ च्या सुमारास एका परिषदेत जॉर्ज उलेनबेक यांनी यावर चक्क हात वर करायला लावून मते घेतली, तेव्हा सभा निम्मी-निम्मी झाली. ओढ नाही तर शिस्त कुठून येणार, हा विरोधकांचा मुद्दा होता. त्याच वर्षी ऑल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर गणित मांडून दाखवले, की ओळी लागतात.

प्रत्यक्ष बाटलीत ते दिसले १९८६ मध्ये. पीटर प्यूसी आणि विल्यम व्हान मेगेन यांनी अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकच्या गोळ्या घेतल्या. इतक्या बारीक, की एका मिलिमीटरमध्ये दीड हजारांहून जास्त बसाव्यात. वेगवेगळ्या दाटीच्या बाटल्या भरून त्यांनी ओळीने ठेवल्या. गोळ्यांचा वाटा ४९ टक्क्यांच्या आत होता तिथे सारे पातळच राहिले. ५४-५५ च्या पुढे बाटलीभर स्फटिक झाले आणि ते ओपल रत्नासारखे रंगीत चमकू लागले. पण ५८ टक्क्यांच्या आसपास काही होईनासे झाले. रचना द्रवासारखीच अस्ताव्यस्त, पण गोळ्या जागच्या हलेनात. खिडकीच्या काचेतही अणूंची अवस्था अशीच असते, म्हणून या स्थितीलाही काचच म्हणतात.

आता ते दोन आकडे काढा. अस्ताव्यस्त गर्दी ६४ ला पुरती अडकते, ओळीतली ७४ ला. म्हणजे ५५ टक्के दाटीत जी गोळी ओळीत उभी आहे, तिला कोपर हलवायला अव्यवस्थेतल्या गोळीपेक्षा अधिक जागा मिळते. गोळ्या ओळीत येतात त्या या मोकळेपणासाठी. मात्र ओळीत यायचे तर आधी थोडे सरकावे लागते, आणि ५८ च्या पुढे सरकायलाच जागा उरत नाही.

हे वाचले आणि मला आमची शाखा आठवली. महिन्याची एक तारीख, पेन्शनरांची गर्दी. शटर वर गेले की सगळे एकदम आत. शिपाई ओरडायचा, ‘‘रांग करा, रांग करा!’’ एकदा त्या रेटारेटीत एका वयस्कर गुरुजींचा चष्मा फुटला. मी काउंटरमागून कडाडलो, ‘‘शिकलेली माणसं ना तुम्ही!’’ गुरुजींनी माझ्याकडे नुसते पाहिले. त्यांचे दोन्ही हात अंगाशी आवळलेले होते, चष्मा उचलायला वाकतासुद्धा येत नव्हते. पुढे एका कादंबरीत मी या गर्दीवर दोन पाने लिहिली आणि सगळा दोष आपल्या लोकांच्या स्वभावाला दिला.

२००० साली एरिक वीक्स, डेव्हिड वाइट्झ आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकातून अशा दाटीत एकेका गोळीचा माग काढला. प्रत्येक गोळी शेजारणींच्या पिंजऱ्यात जागच्या जागी थरथरत होती, आणि प्रत्येक शेजारीण दुसऱ्या कुणाच्या पिंजऱ्यात. सुटका झालीच तर एकटीची होत नसे. एक सरकली की तिच्या मागोमाग लगतच्या अनेक जणी. काचेची अवस्था जवळ येई तसे हे एकत्र सरकणारे घोळके मोठे होत गेले. आमचा शिपाई हे अनुभवाने जाणत असावा. त्या दिवशी त्याने मागच्या पंधरा-वीस जणांना हाताला धरून पायऱ्यांवर नेले आणि आतली रांग पाच मिनिटांत लागली. मी त्याचे श्रेय माझ्या ओरडण्याला दिले होते.

ही कोंडी कायमची असते, की अतिशय संथ चाललेली हालचाल आपल्याला थांबल्यासारखी दिसते, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. नोबेल विजेते फिलिप अँडरसन यांनी १९९५ मध्ये काचेच्या स्वरूपाला घनपदार्थांच्या शास्त्रातला बहुधा सर्वांत गहन न सुटलेला प्रश्न म्हटले होते. आपल्याकडे बंगळुरूला अजय सूद, राजेश गणपती आणि त्यांचे विद्यार्थी यावर काम करत आले आहेत. काही गोळ्या लेसरच्या चिमट्याने जागी धरून ठेवायच्या आणि त्यांचा परिणाम शेजारी किती दूरवर पोचतो ते मोजायचे, असा त्यांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण मला सर्वांत चटका लावून गेली ती कोलंबिया अवकाशयानातली हकीकत. ऑक्टोबर १९९५ मध्ये पॉल चेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अशाच गोळ्यांच्या कुप्या त्या यानातून वर गेल्या. ज्या दाटीचे नमुने जमिनीवर वर्षाहून अधिक काळ काचच राहिले होते, तेही त्यांत होते. वर गोळ्यांना वजन नव्हते, खाली बसण्याची ओढ नव्हती. दाटी तीच, गोळ्या त्याच. दोन आठवड्यांच्या आत त्या कुप्यांमध्ये स्फटिक झाले होते.

कादंबरीतली ती दोन पाने पुढच्या आवृत्तीत काढायची, असे मी प्रकाशकांना कळवले आहे. गुरुजी मात्र आता नाहीत.