छोटे मालवाहू पिकअप वाहन : बलस्थाने, मर्यादा आणि खरेदीपूर्व हिशेब

काढणीनंतर शेतमालाचे मूल्य टिकवून ठेवण्यात वेळेवर होणाऱ्या वाहतुकीचा वाटा मोठा असतो. भाजीपाला व फळे यांच्या बाबतीत तर बाजारात दोन तास उशिरा पोहोचलेला माल पडत्या दराने विकावा लागतो. या गरजेतूनच छोट्या पिकअप वाहनाचा ग्रामीण भागात झपाट्याने प्रसार झाला. सन २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ हे दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे चारचाकी मालवाहन बाजारात आणले. ‘छोटा हत्ती’ या नावाने ते घरोघरी परिचित झाले. पुढे महिंद्रा, अशोक लेलँड, मारुती सुझुकी यांचीही या वर्गातील वाहने उपलब्ध झाली.

असे वाहन घ्यावे की नाही, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर वाहनाच्या जाहिरातीत सापडत नाही. आपला माल कोणता, एका फेरीचे वजन किती आणि वर्षातून फेऱ्या किती, या तीन बाबींवर ते अवलंबून असते.

बलस्थाने

या वाहनाची लांबी-रुंदी कमी असल्याने ते अरुंद पाणंद रस्त्याने बांधापर्यंत जाऊ शकते आणि थोड्या जागेत वळते. त्यामुळे डोक्यावरून माल वाहण्याची व पुन्हा भरण्याची एक हाताळणी वाचते आणि मालास इजा कमी होते. शेतकऱ्यास स्वतःच्या वेळेनुसार निघता येते. परतीच्या फेरीत खते, बियाणे किंवा पशुखाद्य आणता येते. मात्र कीटकनाशके खाद्य मालासोबत कधीही ठेवू नयेत. ती आणल्यानंतर हौदा स्वच्छ धुऊनच पुढील माल भरावा.

कायदेशीर सोयही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ६६ नुसार ३००० किलोपर्यंत एकूण भारित वजन असलेल्या मालवाहनास परमिटची अट नाही. तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणाऱ्या व्यक्तीस ७५०० किलोपर्यंतचे मालवाहन चालविता येते.

मर्यादा

पहिली मर्यादा चाकांची व पाट्यांची आहे. या वर्गातील अनेक वाहनांची चाके लहान असल्याने खड्ड्यांत धक्का अधिक बसतो. मागील पाटे पूर्ण भारासाठी बनविलेले असतात. भार अगदी कमी असल्यास ते पुरेसे दबत नाहीत आणि टोमॅटो, पपई, द्राक्षे यांसारख्या नाजूक मालास हादरे बसतात. म्हणूनच ३०० किलो मालासाठी दीड टनी पिकअप घेणे लाभाचे ठरत नाही.

दुसरी मर्यादा चिखलाची आहे. बहुतेक वाहनांत इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते. रिकामे असताना त्या चाकांवर भार कमी असल्याने पावसाळ्यात काळ्या जमिनीत ती जागीच फिरतात. शेतापर्यंत खडीचा रस्ता नसल्यास बांधापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीच उपयोगी पडते.

तिसरी मर्यादा इंधनाची आहे. सीएनजी वाहनाचा धावखर्च कमी असला तरी पंप जवळ असणे आवश्यक असते. विद्युत वाहनाचा पल्ला भार आणि चढ यांमुळे घटतो. ठरावीक, कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी ते सोयीचे, परंतु घाटमार्गाच्या लांब प्रवासासाठी चाचणी घेतल्याशिवाय निवडू नये.

तिसऱ्या थराचा मोह

सर्वांत गंभीर दोष वाहनाचा नसून भरणाऱ्याचा असतो. वाहनाची खरी क्षमता आरसी बुकातील दोन आकड्यांवरून काढावी. एकूण भारित वजनातून रिकामे वजन वजा केले की अनुज्ञेय भार मिळतो. रिकाम्या वजनात चालक व सोबती यांचे वजन धरलेले नसते, हे येथे ध्यानात ठेवावे.

उदाहरणार्थ, एकूण भारित वजन १५५० किलो व रिकामे वजन ८०० किलो असल्यास फरक ७५० किलो होतो. दोन व्यक्तींचे १३० किलो वजा जाता ६२० किलो उरतात. मालासह २५ किलो वजनाचे टोमॅटोचे २४ क्रेट म्हणजे ६०० किलो. उरलेले २० किलो ताडपत्री व दोरांसाठी ठेवावेत. सुमारे ७ फूट लांब व ५ फुटांहून किंचित कमी रुंद हौद्यात एका थरात साधारण १६ क्रेट बसतात. म्हणजे एक पूर्ण थर व वर ८ क्रेट ही मर्यादा झाली. वरचे ८ क्रेट केबिनच्या बाजूस ठेवावेत.

हौद्यात जागा मात्र तिसऱ्या थराचीही दिसते. तीन थरांचे ४८ क्रेट म्हणजे १२०० किलो. दोन व्यक्ती धरून भार ५८० किलोंनी मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते, टायर फुटण्याचा धोका वाढतो आणि वळणावर तोल जातो. जादा भाराबद्दल केंद्रीय कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्ष आकारणीसाठी राज्याची अधिसूचना पाहावी. हौद्यात मजूर बसवून नेणे तर नियमबाह्य आहेच, शिवाय अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईबाबत वाद उद्भवून कुटुंबावर संकट येऊ शकते. मेथी, कोथिंबीर यांसारख्या हलक्या मालात वजनाआधी जागा संपते, पण कांदा, बटाटा, ऊस यांत जागेआधी वजन संपते.

स्वतःचे की भाड्याचे?

रीत समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. शेतकरी स्वतः वाहन चालवितो. व्याज, घसारा, विमा, कर व योग्यता प्रमाणपत्र यांचा वार्षिक स्थिर खर्च १,२०,००० रुपये आहे. इंधन, टायर व दुरुस्ती यांचा खर्च प्रतिकिलोमीटर १० रुपये, तर भाड्याच्या वाहनाचा दर प्रतिकिलोमीटर २५ रुपये आहे. म्हणजे स्वतःच्या वाहनामुळे प्रत्येक किलोमीटरमागे १५ रुपये वाचतात. स्थिर खर्च भरून निघण्यास वर्षाला ८००० किलोमीटर धाव लागेल. बाजारपेठ जाऊन-येऊन ४० किलोमीटर असल्यास या २०० फेऱ्या होतात.

वर्षभर भाजीपाला घेणाऱ्यास हा आकडा गाठता येतो. एका हंगामात ६० फेऱ्या करणाऱ्यास तो गाठता येत नाही. त्याने भाड्याचे वाहन वापरावे किंवा गटशेतीतील सदस्यांनी अथवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एक वाहन घ्यावे. कर्जाचा हप्ता बाराही महिने येतो, माल मात्र हंगामातच निघतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी शेतकऱ्यास मागील एका वर्षाच्या फेऱ्या, अंतर, मालाचे वजन व दिलेले भाडे यांची नोंद एका कागदावर करण्यास सांगावे. आपल्याच मालाचा पूर्ण भार भरून, आपल्याच रस्त्यावर वाहन चालवून पाहावे. त्यानंतर घेतलेला निर्णय, मग तो खरेदीचा असो वा न खरेदीचा, शेतकऱ्याच्या हिताचा ठरेल.