कौंटीची सरासरी आणि शेतकऱ्याचे शेत : अमेरिकेतील शेती-अनुदानाचा एक हिशेब

अमेरिकेतील शेती-अनुदानांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने जागतिक व्यापार संघटनेच्या संदर्भात होते. त्या चर्चेत एकूण रकमेचे आकडे येतात. परंतु आयोवासारख्या राज्यातील एखाद्या ग्रामीण कौंटीत ती रक्कम कोणत्या हिशेबाने व कोणाच्या हाती पडते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कौंटी हा आपल्या जिल्ह्याहून बराच लहान प्रशासकीय विभाग होय. एकट्या आयोवात अशा ९९ कौंट्या आहेत.

१९३३ च्या कृषी समायोजन कायद्यान्वये पेरा घटविण्याच्या मोबदल्यात शेतकऱ्यांना रक्कम मिळू लागली. १९९६ च्या कायद्याने अनुदान आणि चालू वर्षीचा पेरा यांतील संबंध तोडला व पूर्वीच्या पेऱ्याची नोंद, म्हणजे 'आधार-एकर', हे पात्रतेचे माप ठरविले. पुढे कायदे बदलले, हे माप मात्र टिकले.

२०१४ च्या कायद्यातील उत्पन्न-जोखीम योजनेत कौंटी हाच हिशेबाचा घटक आहे. २०२५ च्या दुरुस्तीनंतरचे नियम घेऊन एक काल्पनिक उदाहरण पाहू. कौंटीचे मक्याचे प्रमाण उत्पादन एकरी २०० बुशेल व प्रमाण किंमत ५ डॉलर असल्यास प्रमाण उत्पन्न १,००० डॉलर होते. त्याच्या ९० टक्के, म्हणजे ९०० डॉलर, ही हमी. प्रत्यक्षात कौंटीची सरासरी १९० बुशेल आणि राष्ट्रीय बाजारभाव ४.४० डॉलर राहिला, तर उत्पन्न ८३६ डॉलर व तूट ६४ डॉलर. ही रक्कम ८५ टक्के आधार-एकरांवर दिली जाते, म्हणून एका आधार-एकरामागे ५४.४० डॉलर पडतात. तेही पीक निघाल्यानंतरच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वा त्यानंतर. ज्याचे शेत गारपिटीने झोडपले त्यास आणि ज्यास विक्रमी पीक आले त्यासही दर एकच. वैयक्तिक उत्पादनावर आधारित पर्याय उपलब्ध आहे, परंतु तो फार थोडे शेतकरी स्वीकारतात.

ही कल्पना मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये पीक विम्यासाठी क्षेत्रनिहाय पद्धतीचाच पुरस्कार केला होता. प्रत्येक शेताची स्वतंत्र तपासणी खर्चिक असते आणि उत्पादन मुद्दाम कमी दाखविण्यास तिच्यात वाव राहतो, हे त्या पद्धतीचे समर्थन. ते रास्तच आहे. मात्र सरासरीच्या सोयीची किंमत सरासरीबाहेर पडलेला शेतकरी मोजतो.

२०१९ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारसंघर्षाची भरपाई देताना तर कौंटीनिहाय एकरी १५ ते १५० डॉलर असा दर ठरला. परिणामी कौंटीच्या सीमेवरील रस्त्याच्या दोन बाजूंना तेच पीक घेणाऱ्यांना वेगवेगळी रक्कम मिळू शकत होती.

यापेक्षाही अवघड प्रश्न खंडाचा. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. खंड रोख असेल तर नियमानुसार अनुदान कसणाऱ्यास मिळते. वाट्याने असेल तर दोघांत विभागले जाते. परंतु आधार-एकर जमिनीशी जोडलेले असल्याने जमीनमालक खंड ठरवितानाच अनुदान विचारात घेतो. बॅरेट कर्वन यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे २५ सेंट खंडवाढीच्या रूपाने मालकाकडे जातात. धनादेश कसणाऱ्याच्या नावे निघतो, आणि त्यातील चौथा हिस्सा कदाचित कौंटीबाहेर राहणाऱ्या मालकाकडे पोहोचतो.