उडालेल्या प्रायमरचा रस्ता

लष्करी काडतुसाच्या रिकाम्या केसमध्ये प्रायमर जखडून ठेवणाऱ्या क्रिम्पबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या लेखावर टाकतो, कारण मधेच अमेरिकेतल्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो क्रिम्पच्या आधी सुटायला हवा. त्यांच्या गराजमध्ये बाकावर रीलोडिंगचा, म्हणजे वापरलेल्या केस पुन्हा भरण्याचा, सिंगल स्टेज प्रेस आहे. डीकॅपिंग पिननं ढकललेले जुने प्रायमर निम्मे तबकात पडतात, निम्मे जमिनीवर, आणि झाडून काढण्यापलीकडे त्यांचं आणखी काही करायचं असतं का, असं ते विचारतात. (भारतात हा प्रश्न घरात उद्भवत नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार काडतूस बनवायला स्वतंत्र परवाना लागतो, आणि बंदुकीचा साधा परवाना म्हणजे तो नव्हे.) माझं उत्तर लांबलचक असलं तरी त्याचा गाभा एवढाच: रीलोडिंगच्या सगळ्या कामांत जुना प्रायमर काढणं हे सर्वांत मळकं काम आहे. ते बाकीच्या कामांत मिसळू नये, सगळ्यात आधी उरकावं, आणि प्रायमर केसमधून सुटल्यापासून बाटलीत पडेपर्यंत त्याची वाट बंद असावी. झाडू तर त्याला लागताच कामा नये.

हे मळकट प्रकरण नेमकं कशाचं, ते आधी पाहू. प्रायमर म्हणजे पितळेची इवलीशी वाटी, तिच्यात दाबलेलं मिश्रण आणि वर बसवलेली ऐरण. आज सर्रास मिळणाऱ्या प्रायमरच्या मिश्रणात तीन जड धातू असतात: लेड स्टिफनेटमधलं शिसं, बेरियम नायट्रेटमधला बेरियम आणि अँटिमनी सल्फाइडमधला अँटिमनी. हे त्रिकूट निष्काळजीपणातून आलेलं नाही. त्याआधीच्या मिश्रणांत मर्क्युरी फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. क्लोरेटपासून उरणारा क्षार दमट हवेत नळीला गंज आणी आणि पारा केसचं पितळ ठिसूळ करी, म्हणजे पुन्हा भरण्याच्या कामाचं ते उरतच नसे. १९२० च्या दशकात जर्मनीत सिनॉक्सिड नावाचं मिश्रण तयार झालं आणि ही दोन्ही दुखणी एकदम गेली. केस पुन्हापुन्हा वापरण्याचा आजचा छंद उभा आहे तो याच सुधारणेवर. पण धातू जळून नाहीसा होत नसतो. स्फोटाच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि थंड होताना तिचे सूक्ष्म गोलसर कण बनतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा संशयिताच्या हातावरून चिकटपट्टीनं उचलतात ते हेच कण. एकाच कणात शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकत्र सापडले, तर तो गोळीबाराचा खास पुरावा मानतात. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, कारण बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातले असतात. एवढे बारीक कण हवेत उडाले की लवकर खाली बसत नाहीत, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. प्रायमर जिथे बसतो त्या पॉकेटच्या तळाशी दिसणारी करडी-काळी काजळी म्हणजे त्याच पुराव्याचा साठा. प्रेसचा दांडा खाली ओढला की ती आपण आपल्याच टेबलावर मोकळी करतो.

यावर सगळ्यात आधी येणारा आक्षेप असा, की एका प्रायमरमध्ये शिसं असून असून असणार किती? आकडे मांडूनच बघू. लहान पिस्तुली प्रायमरमध्ये साधारण वीस मिलिग्रॅम मिश्रण असतं. त्यात चाळीस टक्के लेड स्टिफनेट धरू. लेड स्टिफनेटच्या रेणुभारात शिशाचा वाटा ४६ टक्के आहे. म्हणजे एका प्रायमरमागे साडेतीन मिलिग्रॅमच्या वर शिसं झालं. यातलं बरंचसं केसच्या तळाच्या भोकातून, म्हणजे फ्लॅश होलमधून, पुढे जातं आणि नळीवाटे बाहेर पडतं, हे मान्य. वादापुरतं असं समजू, की मागे वाटीत आणि पॉकेटमध्ये शंभरातला एकच भाग उरतो. तरीही ते ३५ मायक्रोग्रॅम होतं. आता दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं ते पाहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मुलाच्या आहारातल्या शिशासाठी जी संदर्भपातळी ठरवली आहे, ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रीसाठी ८.८. मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळीही तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२१ मध्ये डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. माझा शंभरावा भाग चुकीचा असेल आणि खरं प्रमाण त्याच्याही दहाव्या हिश्शाएवढंच असेल, असं धरा. तरी एका संध्याकाळी पाचशे केस डीकॅप करणाऱ्याच्या बाकावर आणि जमिनीवर मिळून जे सांडतं ते हजारांच्या घरातले मायक्रोग्रॅम असतात. ते सगळं कुणाच्या पोटात जात नाही, हे खरंच. पण गराजमधून घरात येणारे बूट, बाकाखालचा गालिचा, त्यावर रांगणारं मूल आणि तोंडात जाणारे त्याचे हात, ही साखळी काल्पनिक म्हणता येत नाही. आणि मोठ्या माणसाच्या मानानं लहान मुलाचं शरीर पोटात गेलेलं शिसं कितीतरी जास्त शोषून घेतं.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार मंडळींकडून येतो: गोळीतच ग्रॅमांनी शिसं असतं आणि बंदिस्त रेंजवरची हवा गराजपेक्षा वाईट असते, मग प्रायमरचंच एवढं कौतुक कशाला? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र गोळीतलं शिसं घन, एकसंध असतं आणि बहुतेक वेळा तांब्याच्या वेष्टनात असतं. ते हाताळल्यावर हात नीट साफ करणं पुरतं. प्रायमरचं शिसं धूळ होऊनच आपल्यापर्यंत पोचतं. वजन किती यापेक्षा रूप कुठलं, हा प्रश्न इथे मोठा आहे. रेंजचं म्हणाल, तर तिथे वायुवीजन असतं, आणि तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी अमेरिकी कायद्यानं हवेतल्या शिशाची मर्यादा घातलेली असते: आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. घरातल्या बाकावर मोजणारं कुणी नसतं. शिवाय रेंजवर जाणारा स्वतःच्या मर्जीनं जातो. गराजमधली धूळ घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येते. बिनशिशाचे प्रायमर आहेत ना, असंही विचारतात. आहेत, आणि कारखान्यात भरलेल्या सरावाच्या काडतुसांत ते सापडतातही. पण रीलोडिंगसाठी जे सुटे प्रायमर विकले जातात त्यांत अजून लेड स्टिफनेटचाच भरणा आहे, आणि रेंजवरून गोळा केलेल्या केसमध्ये कुठला प्रायमर होता हे बाहेरून बघून खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणून प्रेसकडे यायचं. कुठल्याही प्रेसची जाहिरात काढा, ताकद, तरफ, तासाला किती काडतुसं, हे ठळक असतं. जुना प्रायमर कुठल्या वाटेनं जातो ते सहसा शेवटच्या ओळीत. मी ती ओळ आधी वाचतो. मुळात ही वाट सरळ असू शकते ती बॉक्सर पद्धतीमुळे. केसच्या तळाला मधोमध एकच भोक, त्यातून पिन सरळ खाली, प्रायमर सरळ बाहेर. बर्डन पद्धतीत ऐरण केसचाच भाग असते आणि भोकं सहसा दोन, तीही मधोमध नसतात. तिथे प्रायमर उचकटून किंवा पाण्याच्या दाबानं काढावा लागतो. बॉक्सरनं दिलेल्या या सरळ वाटेचं प्रेस बनवणाऱ्यांनी पुढे काय केलं, त्यावर त्यांची परीक्षा व्हावी. आरसीबीएसचा रॉक चकर हा या धंद्यातला भीष्म. दणकट, पिढ्यान्पिढ्या टिकणारा. पण केस वर नेणाऱ्या त्याच्या रॅमला पुढून खाच आहे, कारण नवा प्रायमर बसवणारा हात तिथून आत झुलतो. जुना प्रायमरही त्याच खाचेतून बाहेर येतो आणि पुढे अडकवलेल्या प्लास्टिकच्या तबकात पडावा अशी अपेक्षा असते. काही पडतात, काही उडतात. काजळी मात्र तबकात जायची वाट बघत नाही. ती रॅमवर आणि प्रायमरच्या हातावर बसते, मग पुढचा नवा प्रायमर त्याच चिकट जागेतून वर जातो. बसवण्याची सोय आणि काढण्याची सोय एकाच खाचेत कोंबल्याचा हा परिणाम आहे. ली कंपनीनं क्लासिक कास्टमध्ये रॅम आतून पोकळ केला. प्रायमर शेल होल्डरमधून रॅमच्या पोटात पडतो आणि खालच्या पारदर्शक नळीत साठतो. फॉर्स्टरच्या को-ॲक्समध्येही तो सरळ खाली बाटलीत जातो. स्वस्त ली आणि महाग फॉर्स्टर या बाबतीत एका पंगतीला बसतात, आणि दोघांच्या मधल्या किमतीचे कितीतरी प्रेस बाहेर उभे राहतात. रॉक चकर असलेल्यांनी तो विकावा असं मी म्हणत नाही. सायझिंगला, म्हणजे केस दाबून मापात आणायला, त्याच्यासारखा तोच. फक्त डीकॅपिंग त्याच्यावर करू नये. त्यासाठी पोकळ रॅमचा एखादा साधा प्रेस किंवा प्रायमर आतल्या आत पकडणारा हाती डीकॅपर पुरतो.

दांड्याच्या एका ओढीत अनेक कामं करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवाल्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याकडे पहिल्याच स्टेशनवर सायझिंग डाय केस दाबतो आणि त्याच दमात पिन प्रायमर काढते. वेगळं डीकॅपिंग म्हणजे प्रत्येक केस हातात घेण्याची एक फेरी वाढली. मग प्रोग्रेसिव्ह घेतला कशाला? वेळ जातो, हे कबूल. पण तो वेळ विकत काय आणतो ते पाहा. सायझिंगच्या वेळी केस आधीच धुतलेली हवी, नाहीतर तिच्यावरची कचकच डायला ओरखडे पाडते. प्रायमर आत ठेवून केस धुतली, तर पॉकेटमधली काजळी तशीच राहते आणि नंतर प्रोग्रेसिव्हच्या फिरत्या शेल प्लेटवर, म्हणजे नवे प्रायमर आणि दारू जिथून फिरतात तिथेच, झडते. आधी युनिव्हर्सल डीकॅपिंग डायनं प्रायमर काढला, मग स्टीलच्या पिना घालून ओल्या टंबलरमध्ये केस फिरवली, की पॉकेट आतून लखलखीत होतं आणि प्रोग्रेसिव्हवर काजळी चढतच नाही. कोरड्या टंबलरमध्ये अक्रोडाच्या भुशात केस फिरवणाऱ्यांची शिशाची धूळ भुशात मुरते आणि झाकण उघडलं की तोंडावर येते, हाही त्यातलाच मुद्दा. ओल्या टंबलरनं शिसं नाहीसं होत नाही, पाण्यात जातं. पण पाण्यातलं शिसं श्वासात येत नाही. ते बागेत किंवा स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये, एवढी अट त्याला आहे. अमेरिकेत बऱ्याच काउंट्या घरगुती घातक कचरा स्वीकारतात. गाळ आणि पाणी तिथे द्यावं.

जमिनीवर पडलेल्यांचं काय, हा मूळ प्रश्न राहिला. ओल्या फडक्यानं टिपावेत आणि फडकं टाकून द्यावं. झाडू धूळ उठवतो. घरातला साधा व्हॅक्यूम बारीक कण गाळत नाही, मागच्या बाजूनं परत खोलीत सोडतो. आणि पडलेल्यांत एखादा न उडालेला प्रायमर असला, तर तो व्हॅक्यूमच्या आत जोरात आपटतो आणि उडू शकतो. हाताचंही नीट व्हायला हवं: नुसत्या साबणानं शिसं पुरतं निघत नाही, असं अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेला दिसलं आणि तिनं त्यासाठी खास पुसण्याची कापडं विकसित केली. तशी कापडं बाजारात मिळतात, ती बाकावर असावीत.

जुन्या प्रायमरची बाटली झाकणाची हवी आणि तिच्यावर ठळक नाव हवं. हजार लहान प्रायमरचं वजन पाव किलोच्या आसपास भरतं. पितळ म्हणून त्याला भाव येईल, असं वाटतं, पण बरेच भंगारवाले ते नाकारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. हजारांत एक जिवंत निघाला, तर तो भट्टीत उडणार. प्रायमर उलटा बसला, न उडताच काढावा लागला, असे प्रसंग प्रत्येक बाकावर येतात. तो काढताना डोळ्यांवर चष्मा असावा, दांडा हळू दाबावा, आणि तो प्रायमर जुन्यांच्या बाटलीत कधीही टाकू नये. तेलात भिजवला की मेला, असा समज आहे. तेल वाळलं की तो पुन्हा पेटू शकतो. त्याची बाटली वेगळी ठेवावी. ती काउंटीच्या कचऱ्यात घालण्याआधी तिथे विचारावं, कारण स्फोटकं घ्यायची की नाहीत याचे नियम जागोजाग वेगळे आहेत; काही ठिकाणी हे काम पोलिसांचं किंवा अग्निशामक दलाचं असतं.