आरोग्यकथा, श्रद्धा आणि बालमन

मार्गशीर्षाची थंडी अंगाला झोंबू लागली की ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी चांदण्या लुकलुकू लागतात. ‘नाताळ’ हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगिजांकडून आला; त्याचा मूळ अर्थ जन्म. वसईच्या वाड्यांतून या दिवसांत मुले गवत-माती जमवून गोठा उभारतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, परिसरातील मराठी ख्रिस्ती घरांत सायंप्रार्थनेच्या वेळी ‘उपासना संगीता’तील गीते म्हटली जातात. गीत संपले की घरातील वडीलधारे माणूस मुलांना जवळ बसवून कथा सांगते. गोठ्यातील जन्माची कथा तर असतेच. पण मुले ज्या कथा पुन्हा पुन्हा मागून घेतात त्या असतात रोग्यांच्या. आंधळ्याला दिसू लागले, पांगळा चालू लागला, निपचित पडलेली मुलगी उठून बसली, अशा त्या कथा.

हरिकीर्तनात आयुष्य वेचलेल्या माणसाने या विषयात का बोलावे, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येईल. तिला उत्तर असे की, कथा लहानांच्या कानी कशी घालावी हा आम्हा कीर्तनकारांचा पिढीजात विषय आहे. आणि मराठी मुलखात बायबलातील कथाही आपल्याच वळणाने सांगितल्या गेल्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने आपल्या पुराणांच्या धाटणीवर ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, अशी त्याची मांडणी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर अभंगाचे आणि कीर्तनाचे वळण शेवटपर्यंत सोडले नाही. दुसरे असे की, आपल्यापैकी अनेकांची मुले मिशनच्या शाळांत शिकतात, ख्रिस्ती सवंगड्यांत खेळतात आणि या कथा ऐकून घरी येतात. तेव्हा त्यांच्या प्रश्नांना सामोरे जाणे आपल्यालाही चुकत नाही.

यातला अवघड प्रश्न एकच आहे. या आरोग्यकथांत अनेकदा येशू रोग्याला सांगतो की, तुझ्या विश्वासामुळे तू बरा झालास. मोठ्यांच्या कानाला हे वचन आश्वासक वाटते. परंतु बालमनाचे गणित सरळ असते. विश्वासाने माणूस बरा होतो, तर जो बरा झाला नाही त्याचा विश्वास कमी पडला असला पाहिजे! हा निष्कर्ष मूल कुणाला सांगत बसत नाही. ते तो मनात ठेवते आणि रात्री अंथरुणात त्याच्याशी एकटे झुंजत राहते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावी एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. त्यांचे वडील दीर्घ दुखण्याने नुकतेच निवर्तले होते. सात वर्षांच्या नातवाने आजीला सर्वांदेखत विचारले, “आजी, मी रोज प्रार्थना करत होतो, पण एके दिवशी मला मध्येच झोप लागली. म्हणून आजोबा गेले का गं?” बैठकीतली सारी माणसे स्तब्ध झाली. आजीने त्याला मांडीवर ओढून घेतले आणि म्हणाली, “नाही रे सोन्या. तू झोपलास तेव्हाही देव जागाच होता. आजोबांचं शरीर फार थकलं होतं. तू रोज त्यांच्या उशाशी बसायचास, त्यांचा हात धरायचास, ते त्यांना किती आवडायचं! तुझ्यात काहीही कमी नव्हतं.” मुलाने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग तो खेळायला गेला. त्या माउलीने शास्त्रार्थ केला नाही. पण मुलाच्या छातीवरचा दगड तिने उचलला.

आजीच्या त्या उत्तराला खुद्द बायबलाचा आधार आहे, हे ग्रंथ नीट वाचणाऱ्याच्या ध्यानी येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस भेटतो. शिष्य येशूला विचारतात की, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मग मातीचा लेप त्या माणसाच्या डोळ्यांवर लावून त्याला तळ्यावर धुण्यास पाठवतो. रोग म्हणजे शिक्षा, ही समजूत या कथेत मुळापासून खोडली आहे. ती सांगताना पुष्कळ जण लेप आणि दृष्टी एवढेच सांगतात आणि आरंभीचा प्रश्न गाळून टाकतात. वास्तविक मुलाला हवा असतो तो त्या प्रश्नाचा निकाल.

दुसरी कथा मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली. कफर्णहूम गावी येशू एका घरात बोलत आहे. गर्दी इतकी की दारात पाऊल ठेवायला जागा नाही. चौघे जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेवर घालून आणतात. आत जाता येत नाही म्हणून ते छतावर चढतात, छत उकरून भोक पाडतात आणि खाट खाली सोडतात. आपल्या मराठवाड्यातील मुलांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. लाकडी सरे, वर काड्या आणि त्यावर माती, असे धाब्याचे माळवद त्यांनी पाहिलेले असते. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती कशी पडली असेल, या कल्पनेनेच मुले हसू लागतात! पण कथेचे मर्म पुढे आहे. येशूने विश्वास पाहिला तो खाट वाहून आणणाऱ्यांचा, असे मार्क लिहितो. आजारी माणसाच्या विश्वासाची परीक्षा तेथे झालीच नाही. ज्याला स्वतः उठता येत नाही त्याचा भार इतरांनी वाहावा, हे पाच-सहा वर्षांच्या मुलालाही उमगते.

तिसरी कथा याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची. बाप धावत येऊन येशूच्या पाया पडतो. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली, वैद्यांपायी सारे द्रव्य खर्चून बसलेली एक स्त्री गर्दीतून त्याच्या वस्त्राला स्पर्श करते. आणि तेवढ्यात मुलगी गेल्याची बातमी येते. येशू घरी जाऊन मुलीचा हात धरतो आणि तिला उठवतो. त्याचे त्या वेळचे दोन शब्द मार्काने ग्रीक ग्रंथातही मूळ अरामी भाषेतच जपून ठेवले आहेत. बापाने लेकराला हाक मारावी तसे ते आहेत. आणि लगेच तो सांगतो की, हिला काहीतरी खायला द्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना कथा सांगणाऱ्या आयांनी या शेवटच्या तपशिलावर थांबावे. चमत्कारापेक्षा ती गरम घासाची काळजी बालकाला अधिक जवळची वाटते.

जुन्या करारातील नामानाची कथाही अशीच गोड आहे. नामान हा अराम देशाचा सेनापती, पण त्वचारोगाने ग्रासलेला. त्याच्या घरी इस्राएलातून पकडून आणलेली एक लहान दासी असते. तीच मालकिणीला सांगते की, आमच्या देशी एक संदेष्टा आहे, तो यांना बरे करील. ज्यांनी आपल्याला घरापासून तोडले त्यांचेही भले चिंतणारे ते लेकरू! अलीशा संदेष्टा नामानाला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगतो. आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणून सेनापती रागावतो. शेवटी चाकरांनी समजूत काढल्यावर बुडी घेतो आणि बरा होतो. मोठ्याचा अहंकार आणि लहानाचा सद्भाव यांचे असे चित्र मुलांपुढे अवश्य ठेवावे. मात्र कुष्ठरोगाचा उल्लेख आला की एक वाक्य जोडायला विसरू नये. बायबलातील त्या शब्दात त्वचेचे निरनिराळे विकार येतात. आणि आजचा कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, तो कुणाच्या पापाचे फळ नव्हे.

आता शब्दाचा विचार करू. मराठी बायबलात ‘विश्वास’ हा शब्द योजला आहे. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. ‘वि’ उपसर्ग लागून विश्वास, म्हणजे भीती सोडून मोकळा श्वास घेणे, निश्चिंत होणे. आईच्या खांद्यावर झोपलेले मूल विश्वासाने झोपते. आईला ते काही मोजून देत नाही. तसेच ‘बरे केले’ यासाठी ग्रीक ग्रंथात जे क्रियापद येते त्याचा अर्थ बरे करणे आणि तारणे असा दुहेरी आहे. म्हणून विश्वास ही आरोग्याची किंमत नाही. जास्त द्रव्याला जास्त माल, असा तो बाजार नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपल्या अविश्वासाची कबुली देऊन त्यासाठीच साहाय्य मागतो; त्याच्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासालाही येशू परत पाठवत नाही.

आणि ज्यांचे दुखणे गेले नाही त्यांचे काय? पौल हा ख्रिस्ती मंडळीचा थोर आचार्य. शरीरातील एक काटा दूर व्हावा म्हणून आपण तीनदा विनवणी केली, असे तो करिंथ येथील मंडळीला लिहितो. काटा निघाला नाही. तो सोसण्याचे बळ मात्र मिळाले. स्वतः येशूनेही मरणाच्या आदल्या रात्री, हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की या दोन गोष्टी त्याला सांगितल्याच पाहिजेत. एरवी पुढे घरात पहिला मृत्यू घडतो तेव्हा लहानपणी ऐकलेल्या साऱ्या कथा त्याला खोट्या वाटू लागतात, किंवा स्वतःलाच ते अपराधी मानू लागते. यातले दुसरे अधिक घातक.

कीर्तनाच्या अनुभवावरून कथा सांगणाऱ्या आईबापांस दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. चमत्कारापाशी धावत जाऊ नका. आधी रोग्याचे दुःख, त्याचे गाव, त्याचे सोबती उभे करा. मुलाने मध्येच विचारले तर कथा थांबवा, कारण त्या वेळी कथेपेक्षा त्याचा प्रश्न मोठा असतो. ‘प्रार्थना केली नाहीस तर ताप उतरणार नाही,’ असा धाक चुकूनही घालू नका. कथा संपली की हातून काही घडू द्या. शेजारी कुणी आजारी असेल तर मुलाच्या हाती पेजेचे भांडे देऊन त्याला तिकडे पाठवा. माळवदावरच्या चौघांची गोष्ट त्या वाटेवर त्याला खरी कळेल.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट औषधाची. श्रद्धा आहे म्हणून वैद्याला दूर ठेवावे, असे या कथांतून कुणी शिकवत असेल तर तो अनर्थ होय. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौलाने आपला प्रिय वैद्य म्हटले आहे. आपल्याकडे चरकाचार्यांनीही दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली. प्रार्थना, औषध आणि मनाचे धैर्य यांना त्यांनी एकमेकांचे वैरी केले नाही. याच आरोग्यकथा बाळपणी ऐकलेल्या माणसांनी महाराष्ट्रात काय उभे केले ते पाहावे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला १८९४ साली रुग्णालय उभारले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला कार्य आरंभले आणि खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्यांना समाजाने कोपऱ्यात बसवले होते अशा बायका तेथे गावाची नाडी पाहू लागल्या. मुलांना चमत्कार सांगावा तसा हाही वृत्तांत सांगावा.

यंदा नाताळच्या सुट्टीत आपले मूल मित्राच्या घरचा गोठा पाहून येईल, फराळ खाऊन येईल आणि कदाचित अशी एखादी कथाही ऐकून येईल. तिला ‘ती त्यांची गोष्ट’ म्हणून बाजूला सारू नये. जवळ बसवून विचारावे की, बाळा, त्या गोष्टीत आजारी माणसाजवळ कोण कोण होते? उत्तर येईल ते लक्ष देऊन ऐकावे, आणि त्याच्या मनात काही भीती दडली असेल तर ती त्याच रात्री, दिवा मालवण्यापूर्वी, दूर करावी.