चंद्र भाकरीसारखा असला म्हणून काय बिघडलं?

चौथीच्या वर्गातला 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधांचा गठ्ठा तपासायला घ्या. धरणीमातेने हिरवा शालू नेसलेला असतो, ढग कापसासारखे पांढरेशुभ्र असतात (भर पावसाळ्यात!) आणि पाऊस मुसळासारखा कोसळत असतो. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी मुसळ पाहिलंय, हे विचारायची सोय नाही. मुलांना कल्पनाशक्ती नाही, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. खरं तर ही सगळी वाक्यं मोठ्यांनीच त्यांच्या हातात दिलेली असतात, कारण वर्णनात उपमा कशी शिकवायची याबद्दल आपल्याच डोक्यात काही समज घट्ट बसलेत.

त्यातला सगळ्यात चिवट समज म्हणजे मुलांना उपमांचा साठा पुरवावा लागतो. म्हणून वर्गाच्या भिंतीवर तक्ता लागतो: मोत्यासारखे दात, बर्फासारखे थंड, चंद्रासारखे मुख. गाईडमधून आणखी वीस-पंचवीस पाठ होतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हॉवर्ड गार्डनर, एलेन विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या मुलांना अर्धवट तुलना पूर्ण करायला दिल्या होत्या. समर्पक आणि नव्या तुलना सुचवण्यात शाळेत न जाणारी चिमुरडी सात आणि अकरा वर्षांच्या मुलांपेक्षा पुढे निघाली. भलत्यासलत्या तुलनाही त्यांनीच जास्त केल्या, हे खरं. पण प्राथमिक शाळेच्या वयात मूल बेताने, सावधपणे बोलायला लागतं, ठरलेलं तेच बरोबर मानायला लागतं. तक्ता या सावधपणावर शिक्कामोर्तब करतो.

मग करायचं काय? वस्तू वर्गात आणायची. एका कापडी पिशवीत फणसाच्या सालीचा तुकडा टाका आणि न बघता, नुसता हात घालून सांगायला लावा. 'खरखरीत', 'काटेरी' ही विशेषणं लगेच येतात. ती फळ्यावर लिहा आणि पुढचा प्रश्न टाका: कशासारखं? पहिलं उत्तर बहुधा 'काट्यासारखं' असतं. त्यात नवं काही कळत नाही, पण ते खोडू नका. थोडं थांबलं की मग 'बाबांच्या दाढीसारखं', 'खवणीसारखं', 'मगरीच्या पाठीसारखं' असं यायला लागतं. आता खरा प्रश्न: कशात सारखं? दाढी टोचते, पण बोट दाबलं तर वाकते. साल वाकत नाही. खवणी ओरखडते, सालीवरचे काटे बोथट असतात. मगरीची पाठ कुणी हात लावून पाहिलेली नाही, पण चित्रातले उंचवटे सगळ्यांना आठवतात. दहा मिनिटांच्या या वादात मुलं त्या सालीकडे जेवढं बघतात, तेवढं एरवी कधी बघत नाहीत. आणि हेच तर वर्णन.

पावसाचंही तसंच. पत्र्याच्या घरातल्या मुलीला विचारा, काल रात्री पाऊस कसा वाजत होता? कुणी वरून सुपाने वाटाणे ओतावेत तसा, असं काहीतरी ती सांगेल. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला एसीच्या डब्यावर बोटं वाजवल्यासारखा ऐकू आला असेल. दोघांनाही मुसळाची गरज नाही.

दुसरा समज: वाक्यात 'सारखा' दिसला की झाली उपमा. 'बाळ सारखं रडत होतं' यातल्या 'सारखं'खाली इमानेइतबारे रेघ मारणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. 'तो त्याच्या भावासारखा दिसतो' हीसुद्धा उपमा नव्हे, ती माहिती झाली. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त घातलेली अट इथे कामाला येते: दोन गोष्टी मुळात वेगळ्या हव्यात आणि तरी त्यांच्यात साधर्म्य दिसायला हवं. चौथीच्या मुलाला मम्मट सांगायचा नाही, 'दोन्ही एकाच जातीच्या नकोत' एवढं पुरतं. उपमेय, उपमान, साधारण धर्म ही नावंही वरच्या वर्गात व्याकरणाबरोबर येतातच. 'जणू' आलं म्हणजे ती उत्प्रेक्षा, हा वाद तर इथे काढूच नये.

तिसरा समज मला सर्वांत जाचक वाटतो: उपमा सुंदर आणि भारदस्तच हवी. मुलाने 'चंद्र भाकरीसारखा' लिहिलं की आपण ते खोडून 'चांदीच्या ताटासारखा' करतो. भाकरी गोल असते, तिच्यावर करपल्याचे डाग असतात आणि चंद्रावरही डाग दिसतात. चांदीच्या ताटाने हे डागच पुसून टाकले. उपमान हलकं असणं हा दोष आपल्या जुन्या अलंकारशास्त्रातही चर्चिला गेलाय. भामहाने सात उपमादोष दिलेत, त्यात तो आहे. पण दंडीने 'काव्यादर्शा'त मोकळीक दिली: जाणत्या वाचकाला खटकत नसेल तर लिंग-वचन वेगळं असणं, उपमान हलकं किंवा भारी असणं, यांनी उपमा बिघडत नाही. आपण दंडीपेक्षा कडक कशाला व्हायचं? 'आई वाघासारखी' असं कुणी लिहिलं तरी आधी विचारावं, कशात? ओरडण्यात की पिल्लांना सांभाळण्यात? उत्तर मिळालं की ते पुढच्या वाक्यात लिहायला सांगावं.

जास्त उपमा म्हणजे जास्त मार्क, हा समज पालकांचा. परिच्छेदात एक नेमकी उपमा पुष्कळ झाली. बाकीचं काम मराठीत एकेका शब्दात होतं: आंबटढाण, काळाकुट्ट, गारढोण. 'लिंबासारखी आंबट कैरी' लिहिण्यापेक्षा 'आंबटढाण कैरी' लिहिलेली केव्हाही बरी.

राहता राहिली बोली. वाक्य प्रमाणभाषेत नाही म्हणून उपमाच चुकली, असं समजून लाल शाई चालवली जाते. 'वाणी', 'परी', 'गत' हे शब्द व्याकरणाच्या पुस्तकांतही साधर्म्य दाखवणारे म्हणून दिलेले असतात. घरात 'वाणी'चाच 'वानी' होतो. 'मक्याच्या कणसाचे केस आज्याच्या मिशावानी' असं एखाद्याने लिहिलं तर ते तसंच ठेवावं, शेजारी समासात 'मिशांसारखे' लिहावं आणि त्या वाक्याला पूर्ण मार्क द्यावेत.