जैववैद्यकीय पीएच.डी. : संशोधनाची क्षेत्रे आणि मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळा

रोग शरीरात नेमका कसा घडतो, हे पेशी, जनुके आणि प्रथिने यांच्या पातळीवर शोधून काढणे हे जैववैद्यकीय शास्त्रातील पीएच.डी.चे काम आहे. विषाणूशास्त्र, रक्तविज्ञान, कर्करोग, पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशक्ती, प्रजनन, मेंदू अशी त्याची क्षेत्रे माहितीपत्रकात वेगवेगळी छापलेली असतात. मुंबई-पुण्यात मात्र यांपैकी बरीच क्षेत्रे कुठल्या तरी प्रत्यक्ष रोगाच्या निमित्ताने रुजली, आणि ज्या संस्थेकडे ज्या रोगाचे रुग्ण आणि नमुने आले, तिथे ते शास्त्र वाढले. विद्यार्थ्याने क्षेत्र निवडताना हा इतिहास ध्यानात घ्यायला हवा.

सुरुवात प्लेगपासून झाली. 1896 मध्ये मुंबईत साथ आली आणि वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून 1897 च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा आली. तीच 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

विषाणूशास्त्राचे केंद्र पुण्यात आहे. 1952 मध्ये सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजेच ‘एनआयव्ही’ आहे. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू याच संस्थेने शोधला. सुमारे साठ वर्षांनी तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला, तेव्हा त्याची ओळख आधीच पटलेली होती. चांदीपुरा विषाणूची कथा तर अधिक बोलकी आहे. 1965 मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला आणि जवळजवळ चार दशके किरकोळ मानला गेला. 2003 मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांना मेंदूज्वराने गाठले, तेव्हा त्यामागे हाच विषाणू निघाला. ज्या विषयाला आज महत्त्व नाही, त्यावरचे संशोधन वाया गेले असे म्हणता येत नाही, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचित मिळतो. अतिघातक विषाणूंसाठी देशातील पहिली चौथ्या सुरक्षा-स्तराची प्रयोगशाळाही याच संस्थेत आहे. तिथे हवाबंद पोशाख चढवूनच काम करावे लागते.

रक्तविज्ञानाचे घर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे आणला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजनच नसते. नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ रक्त चढवले तर शरीर ते नाकारते आणि जीव धोक्यात येतो. त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते. केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आज थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलवर काम करते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराची होते. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. म्हणूनच या क्षेत्रात रेणू आणि गाव या दोन्हींशी परिचय असलेला संशोधक हवा.

कर्करोग-संशोधनाचा पाया पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. त्यांनी मुंबईत उभारलेल्या संस्थेत कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ते काम आज नवी मुंबईत खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात चालते. या धाग्याचे ताजे फळ म्हणजे कार-टी उपचार. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत कर्करोगपेशींवरील सीडी19 हे प्रथिन ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक घालून त्या परत सोडल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून घडलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली.

या सगळ्यांना लागणाऱ्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभर जातात. विद्यापीठाच्या आवारातील या संस्थेत त्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवलेल्या असतात. पेशीजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचा दिवस कल्चरभोवती फिरतो. 37 अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि फ्लास्कमधले गुलाबी माध्यम. माध्यम पिवळे पडले की पेशींनी अन्न संपवले. ते गढूळ झाले तर जिवाणू शिरले आणि तो प्रयोग नव्याने मांडायचा. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू शिरला तर डोळ्यांना काही दिसतही नाही, आणि महिन्यांचे निष्कर्ष फुकट जातात. या क्षेत्रात हुशारीइतकीच हाताची स्वच्छता लागते.

परळच्याच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत वंध्यत्वापासून गर्भारपणापर्यंतचे प्रश्न हाताळले जातात. मेंदू आणि संवेदनांसाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पुण्याचे आयसर आहेत. संगणकीय जीवशास्त्राला कोविडने एकदम पुढे आणले. डिसेंबर 2020 मध्ये विषाणूचे जनुकवाचन करणारा ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा समूह झाला, त्यात पुण्याच्या दोन संस्था होत्या. आज पेशींवर काम करणाऱ्यालाही थोडे प्रोग्रामिंग आलेच पाहिजे.

प्रवेशासाठी बहुधा सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा यांसारखी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. 2023 च्या जानेवारीपासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीधारकाला (जेआरएफ) महिना 37,000 आणि दोन वर्षांनी वरिष्ठ (एसआरएफ) झाल्यावर 42,000 रुपये मिळतात. काम बहुधा पाच वर्षे चालते. त्यामुळे मुलाखतीला जाणाऱ्याने क्षेत्राच्या नावावर भुलू नये. प्रयोगशाळेत नमुने कुठून येतात आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले, हे गाइडला विचारावे, आणि होकार देण्याआधी तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांशी निवांत बोलून घ्यावे.